माझ्या आतेच्या लायनीत जावा

धामापूर
४ नोव्हेंबर २०२४

अनुजा,

पत्र बगून भियाव नको, सगळे जिते आसत. फोन केलंय नाय, कारण फोनवर तू दोन मिनिटांत "आते, मीटिंग" म्हणतंस आणि कट करतंस. पत्र तुका कट करूक येवचा नाय.

आता माका खरा सांग. तू आमच्या दुकानात काय करतंस?

गेल्या सोमवारी गुरुदासान मालवणच्या दुकानात मशीन आणल्यान. दुकानाचो "बाजार" केल्यापासून तेका दर सा महिन्यांनी काय तरी नवीन लागता. पयली ढकलगाडये इले, मगे एसी इलो, आता ह्या. गिऱ्हाईकान आपला सामान आपणच मशिनीक दाखवचा, आपणच पैसे भरूचे, आपणच पिशयेत घालूचा. माझ्या काउंटराच्या बरोब्बर समोर ठेवल्यान हा. नारळ फोडल्यान, अगरबत्ती लावल्यान आणि बटण दाबल्यान. आणि मशीन बोलला, "नमस्कार. कृपया वस्तू पिशवीच्या जागेत ठेवा."

गो, तुझो आवाज! मी स्टुलावरसून उठलंय आणि मशिनीच्या मागे जावन बगलंय. मागे वायरी होते आणि एक मेलेली पाल.

कसो वळखलंय म्हणशीत, तर सहावीत तू तलावाच्या पायरेवर आपटलंस आणि पुढच्या दाताचो तुकडो उडालो. तेवापासून तुझो "स" वायच शिट्टी मारता. "वस्तू" म्हणताना मशिनीन शिट्टी मारल्यान. तुका न्हानपणापासून वाढवलंय मी, माका शिकवू नको.

गिऱ्हाईक नसला काय मी तुझ्याशी बोलतंय. बुधवारी सांगलंय, बापाशीचे खालचे तीन दात काढले, नुसती पेज जेवता. तू म्हणालंस, "धन्यवाद. पुन्हा या." बापाशीचे दात काढले ह्येका धन्यवाद?

गुरुदास म्हणता, मशीन ३१ डिसेंबरापर्यंत तपासणीक आसा. तोपर्यंत जेच्या लायनीत माणसा जास्ती तो रवतलो. मशिनीकडे जास्ती झाली तर माझो काउंटर काढून थय आईस्क्रीमचो फ्रीज. माझ्याकडे जास्ती झाली तर मशीन परत. "लोकांनीच ठरवांदे, नर्मदाताई," म्हणता. एकोणीस वर्सा बसलंय मी तेच्याकडे. तेचा दुकान पत्र्याच्या खोक्यात होता तेवापासून.

तू खंय बसान बोलतंस ता कळव. आणि वायच हळू बोल. तू बोललंस काय माझ्या लायनीतली माणसा वळान बगतत.

तीन वर्सा झाली तुका घराक येवन. तेचा काय ता पण कळव.

नर्मदा आते


पुणे
११ नोव्हेंबर

प्रिय आते,

तो आवाज माझा नाही. हल्ली असे आवाज कंप्युटर बनवतो. शिट्टी म्हणजे स्पीकर खराब असणार, गुरुदासकाकांना सांग. आणि प्लीज मशीनशी बोलत बसू नकोस, लोक काय म्हणतील!

तुझ्या काउंटरचं मात्र मला टेन्शन आलंय. आते, राग मानू नकोस, पण तू फार हळू आहेस. मागे आले होते तेव्हा मी घड्याळ लावून बघितलं होतं. सीतामावशीच्या एका साबणाला तू बावीस मिनिटं घेतलीस. हा साबण नको, ह्याने तुझ्या नवऱ्याला खाज येते, मग नवरा कुठे असतो, मग तो बोटीवर का जात नाही, मग बोट कोणाची. तोपर्यंत मागे सुरमई वितळत होती.

मशीन बावीस सेकंदात बिल करतं. तुला जिंकायचं असेल तर एकच उपाय आहे. बोलू नकोस. वस्तू घे, बिल दे, पुढचा.

बाबांना पेजेत तूप घाल.

तुझी
अनुजा

ता.क. येणारच आहे. काम फार आहे गं.


धामापूर
२० नोव्हेंबर

अनुजा,

तुझा आयकलंय. एक दिवस तोंड बंद ठेवलंय. वस्तू घेतलंय, बिल दिलंय, पुढचो.

पयलो तास कोणी काय बोलला नाय. दुसऱ्या तासाक सीता मासळीची पाटी भायर ठेवन इली आणि हळूच इचारल्यान, "नर्मदा, कोण गेला?" मी मान हलवलंय, कोण नाय म्हणान. तिका वाटला, सांगवत नाय हिका. जेवणाच्या टायमापर्यंत बातमी चिवल्यापर्यंत गेली. संध्याकाळी घराक पोचलंय तर आंगणात चौदा माणसा, आणि दोघांनी पेजेचे टोप आणलेले. तुझो बापूस दात नसलेला तोंड उघडून मधी बसलेलो. तेका बगून बायका-माणसा रडाक लागली. तो जितो आसा ह्या तेंका पटवूक रात झाली.

तेवा आता मी बोलतंय. परत असले उपाय सांगा नको.

पण खरा संकट येगळाच आसा. मशिनीक दोन दिवे आसत. उजवीकडे हिरवो, डावीकडे तांबडो. कोणी लावले तसे देव जाणा. सामान बरोबर आसला काय उजवो लागता, चुकला काय डावो लागता आणि तू म्हणतंस, "मदत येत आहे. कृपया थांबा."

नऊ तारखेक, शनिवारी, सीता काडयेपेटी घेवन मशिनीकडे गेली. माझ्या लायनीत आठ माणसा होती म्हणान गेली, तिचो दोष नाय. दिवे बगल्यान आणि तिचे हात आपोआप जुळले. देवळात कौलाची पाकळी लावन उभी रवता तशी उभी रवली आणि इचारल्यान, "बा म्हाराजा, माझ्या दीपेशाचा लगीन ह्या वर्सा ठरतला काय?" मागच्या माणसान "व्हय म्हाराजा!" केल्यान. सवय, दुसरा काय. उजवो लागलो.

मंगळवारी ठरला. कुडाळची चेडू.

आता बग. दुकानात पाय ठेवक जागा नाय. प्रत्येकाच्या हातात एक काडयेपेटी. दुकानात तीच सगळ्यात स्वस्त, दोन रुपयांची. पडवेतून इले, मिठबावसून रिक्षा करून इले. बोर मारू काय, आंबो ठेक्यान देव काय, झिलाक मुंबयेक धाडू काय. डावो लागलो काय सगळी गप. मगे तू म्हणतंस "मदत येत आहे," आणि लोक म्हणतत, "देव म्हणता मदत येता हा!" आणि नमस्कार करतत. मदत म्हणजे मी. कार्ड घेवन मीच उठतंय आणि माझो चार आकड्यांचो नंबर दाबून तांबडो दिवो इजवतंय.

म्हणजे मशिनीक लायन लागली आणि तिची सेवा पण मीच करतंय. गुरुदासान दारात पाटी लावल्यान हा. मशीन अठराशे, नर्मदाताई बाराशे.

तुझो आवाज नाय म्हणतंस. बरा. मगे तुझ्या आवाजात देव कशाक बोलता?

नर्मदा आते


पुणे
२७ नोव्हेंबर

आते,

माझाच आवाज आहे.

पावसाळ्याआधी एका स्टुडिओत दोन दिवस बसून चारशे बारा वाक्यं बोलले. "वस्तू ठेवा." "वस्तू उचला." "वस्तू ओळखता आली नाही." समोर कोणी नव्हतं, भिंतीला फोम लावलेला होता. हे कुठे वाजणार आहे हे मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नाटकात काम करते असं तुम्हाला सांगितलंय, ते खोटं नाही, पण गेल्या वर्षी एकच नाटक मिळालं आणि त्यात मी झाड होते. म्हणून घरी येत नव्हते. येऊन काय सांगू, आते? तुझ्या भाचीने तुझी खुर्ची काढून घेणारं यंत्र बोलकं केलं?

मी तिथे बसून बोलत नाही. तू सांगतेस ते मला ऐकू येत नाही. पण बाबांच्या दातांचं त्या मशीनला तू सांगितलंस हे वाचून मी रिहर्सल सोडून बाहेर गेले.

आणि तो कौल नाही. माझी रूममेट निधी नाशिकची, तिला आधी कौल म्हणजे काय तेच समजावावं लागलं. पाकळी देवाच्या उजव्या बाजूने पडली की होकार, डाव्या बाजूने पडली की नकार. ती म्हणाली, "मग इंजिनिअरने हे कुठून कॉपी केलं?" नाही केलं गं. पिशवीच्या जागेखाली वजनकाटा असतो. वस्तूचं वजन जुळलं की हिरवा. कोणी हात टेकला, पोट टेकलं, की लाल. बस. जो भक्तिभावाने पुढे वाकून टेकतो त्याला नकार मिळतो. हे सगळ्यांना सांग आणि लायन मोड.

आणि ऐक. कंपनीने मला परवा पुन्हा बोलावलंय, काही वाक्यं नव्याने करायला. मी करते काहीतरी. तू काळजी करू नकोस.

अनुजा


धामापूर
१९ डिसेंबर

अनुजा,

काय करून ठेवलंस गो!

वजनकाट्याचा मी सगळ्यांका सांगलंय. सीता म्हणाली, "मगे बरोबरच आसा. देवासमोर टेकूचा नसता, ताठ उभा रवाचा असता." झाला. आता सगळी ताठ उभी रवतत.

आणि गेल्या गुरुवारी सकाळी मशीन चालू केला, पयलो गिऱ्हाईक इलो, डावो लागलो, आणि मशीन मालवणीत बोलला, "हयसर काय करतास? माझ्या आतेच्या लायनीत जावा. ती इचारतली, वायच येळ जायत, पण बरा वाटात."

गुरुदासाच्या हातातली केळ्याची फणी पडली. सीता म्हणाली, "देव मालवणीत बोललो!"

तू माझ्यासाठी केलंस, माका कळला. माझे डोळे भरले, ता पण सांगतंय. पण झाला उलटा. देव मालवणीत बोलता म्हणान तालुको लोटलो. डावो लागूक व्हयो म्हणान माणसा मुद्दाम कोपर टेकतत. आयकतत, नमस्कार करतत, आणि देवान सांगला म्हणान काडयेपेटी मशिनीकडे करून बाकीचा सामान घेवन माझ्या लायनीत उभी रवतत. प्रत्येक माणूस दोनदा मोजलो जाता. पाटयेवर मशिनीक एक वाढलो काय माका एक. मी सहाशे मागे होतंय, सहाशेच मागे आसंय.

आणि ह्या फक्त आमच्याच मशिनीत नाय मा घातलंस? काल नागपूरसून एक जोडपा इला. मालवणाक फिराक. बाईच्या पिशयेत नागपुरात घेतलेली डाळ. म्हणाली, "काकू, आमच्याकडची मशीन म्हणते आतेच्या लायनीत जा. आते म्हणजे कोण हे कोणालाच माहीत नव्हतं. इथे सीताबाई भेटल्या, त्यांनी तुमचं नाव सांगितलं. होऊन जाईल का बिल?" डाळीचा बिल नागपुरातच झालेला, पण बाय तयार नाय. मगे मी तेंची चौकशी केलंय, कोकमाची सोलां दिलंय, बिल केलंय. आज तशी आणखी धा गाडये इले. लातूरचे, नगरचे. ती माणसा मशिनीकडे वळणत पण नाय, आपल्या गावात आयकान इलेली.

सहाशे भरून निघतले काय बगूया.

बापूस म्हणता, चेडवाक बोलव. मी म्हटलंय, तिचा काम आसा.

नर्मदा आते


पुणे
२४ डिसेंबर

आते,

कंपनीला कळलं. रेकॉर्डिंगच्या वेळी काचेपलीकडे बसलेला मुलगा लातूरचा होता, त्याला वाटलं हे कोकणासाठी खास आहे, म्हणून त्याने अडवलं नाही. कंपनीने न ऐकताच सगळीकडे टाकलं. नागपूरच्या दुकानांतून साडेतीनशे तक्रारी आल्या, सगळ्यांत एकच प्रश्न: आते कुठे बसते?

मला यापुढे काम नाही. दुःख झालं नाही, हे मला स्वतःलाच विचित्र वाटतंय. जुनं वाक्य ते लवकरच परत टाकतील.

३१ ला काय होईल ते लगेच कळव. हरलीस तर मी कुठल्या तोंडाने येऊ, सांग.

अनुजा


धामापूर
१ जानेवारी २०२५

अनुजा,

हरलंय. एकान.

३१ तारखेक दुकान बंद करताना पाटयेवर दोघांचे आकडे सारके झालेले. चार हजार एकशे सात, चार हजार एकशे सात. पेढे आणू काय म्हणान सीता इचारत होती. मगे गुरुदासान मशिनीतलो कागद काढल्यान आणि मशिनीक आठ. एकशे आठ! लोक म्हणाले, बगा, शुभ आकडो!

तो एक मी.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या लायनीत कोण नव्हता, मशिनीकडे पण कोण नव्हता. मी एक काडयेपेटी घेतलंय आणि मशिनीसमोर उभी रवलंय. ताठ. टेकलंय नाय. एक गोष्ट इचारलंय. मागे "व्हय म्हाराजा" म्हणाक कोण नव्हता, म्हणान मीच म्हटलंय. उजवो लागलो. काडयेपेटी पिशयेत टाकलंय आणि जेवलंय. मी पण गिऱ्हाईक होतंय, मी पण मोजली जातलंय, ह्या डोक्यातच इला नाय माझ्या.

काय इचारलंय? तुका कशाक व्हया.

गुरुदास रडलो. पण शब्द दिलेलो म्हणान कार्ड घेतल्यान. आज तेच्या दुकानात आईस्क्रीमचो फ्रीज इलो असात. मी घराक आसंय, तुझ्या बापाशीक पेज घालतंय.

तुझो काय दोष नाय. तोंड धुवन जेव.

नर्मदा आते


मालवण
५ जानेवारी २०२५

प्रति,
कु. अनुजा यांस,

विषय : बोलणारे मशीन गप्प न होण्याबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, दि. २ रोजी सकाळी आमचे दुकानी मी स्वतः मशीनसमोर उभा राहून, नर्मदाताईंना घरी बसविले हे योग्य केले ना, असे सहज विचारले. डावा लागला. माझे पोट टेकले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तेव्हापासून मशीन दर दहा सेकंदांनी "मदत येत आहे, कृपया थांबा" असे म्हणत आहे व डावा दिवा विझत नाही. तो विझविण्याचा चार आकडी नंबर फक्त नर्मदाताईंना ठाऊक आहे. कार्ड माझ्याकडे आहे, नंबर नाही.

मशीन थांबा म्हणत असल्याने गिऱ्हाईक थांबले आहे. चार दिवस. सीताबाईंनी चटई आणली आहे. दुकानात भजन सुरू आहे. प्लग काढावयास गेलो असता देवाचा प्लग काढतो म्हणून मला धरले. आईस्क्रीमच्या फ्रीजवर लोक बसले आहेत.

आवाज आपला असल्याने नंबर आपणास ठाऊक असावा. उलट टपाली कळविणे.

आपला विश्वासू,
गुरुदास

ता.क. बाय गो, माका वाचव. मी नर्मदाताईच्या दारात जावची माझी छाती होणा नाय.


पुणे
९ जानेवारी

गुरुदासकाका,

मदत येत आहे. कृपया थांबा.

अनुजा


धामापूर
१६ जानेवारी

अनुजा,

तेका काय लिवलंस माका माहीत नाय, पण काल गुरुदास इलो. स्कूटर दगडी गडग्याभायर लावल्यान, चपला काढल्यान आणि आंगणात मधोमध उभो रवलो. हातात नारळ. मागे सीता आणि दुकानातली सगळी, चटई घेवन. ती काय सोडूक नाय तेंनी.

गुरुदासान नारळ पुढे धरून गाऱ्हाणा घातल्यान. "बा नर्मदाताये, आज ह्या लेकरान जी काय चूक केली असात..."

"व्हय म्हाराजा!"

"मशिनीच्या नादाक लागान तुझी खुर्ची हलवली असात..."

"व्हय म्हाराजा!"

"ता पोटात घाल आणि तो चार आकड्यांचो नंबर सांग!"

तुझो बापूस आतसून ओरडलो, "नंबर सांगा नको गो!" तीन दात नसान पण सगळ्यांका कळला.

मी म्हटलंय, नंबर सांगूचंय नाय, मी येतलंय. माझो काउंटर होतो थयच व्हयो. फ्रीज खंय ठेवतलंस तो तुझो प्रश्न.

गुरुदास म्हणालो, "मशीन आजच परत धाडतंय."

मी म्हटलंय, नको. मशीन रवांदे. माझ्या स्टुलाच्या बाजूक आणून ठेव. चेडवाचो आवाज आसा तेच्यात.

आज सकाळी गेलंय आणि नंबर दाबलंय. डावो इजलो. तू म्हणालंस, "धन्यवाद. पुन्हा या." चौदा दिवस थांबलेली माणसा उठली, कंबरा धरल्यानी, आणि लायन लावल्यानी. माझ्याकडे. मशिनीकडे एक पण नाय. सीता म्हणाली, "देवाक पण वायच इश्रांती व्हयी."

मी तुका येवक सांगणय नाय.

नर्मदा आते


तुझ्या लायनीतून
२६ जानेवारी, दुपार

आते,

मी आलेय. पुढे अकरा माणसं आहेत. मान वर केलीस तर निळी ओढणी दिसेल.

तुझ्या बाजूचं मशीन रिकामं आहे आणि माझ्याच आवाजात मला बोलावतंय. जात नाही. हातात एक काडेपेटी घेतलीय, नुसतंच कसं उभं राहायचं म्हणून. तू पुढच्या बाईला तिच्या सुनेबद्दल विचारतेयस, म्हणजे तासभर तरी आहे.

हा कागद हातोहात पुढे देतेय. सीतामावशीने मधेच वाचला तर वाचू दे.

अनुजा


(लांबड्या बिलाच्या पाठीवर, हातोहात मागे आलेलं)

बगलंय तुका. बारीक झालंस.

मधी घुसा नको. ह्या अकरा जणांची चौकशी झाल्यार तुझो नंबर. सीतान वाचल्यान, आणि आता लायनीत सगळ्यांनी वाचल्यानी.

ती काडयेपेटी परत ठेव. घराक एक आसा, ३१ तारखेची, अजून उघडूक नाय. जा काय इचारलेलंय, ता झाला.

थांब.